लावणी जुलैत, शिबिर डिसेंबरात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोकणातल्या महाविद्यालयांची राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची निवासी शिबिरे बहुधा डिसेंबर-जानेवारीत भरतात. पाऊस नाही, रस्ते कोरडे, परीक्षा आटोपलेल्या. मुले-मुली गावात राहतात, वनराई बंधारा घालतात, संध्याकाळी पथनाट्य करतात आणि एक दिवस आरोग्य तपासणीचा ठेवतात. फलकावर लेप्टोची (चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाची) लक्षणे सुवाच्य अक्षरात लिहिलेली असतात. लेप्टोचा हंगाम मात्र तेव्हा सरलेला असतो आणि गोचिडीतून होणाऱ्या माकडतापाचा जेमतेम तोंडावर आलेला असतो. गावाचा वर्षातला त्यातल्या त्यात निरोगी आठवडा नेमका शोधून आपण तिथे आरोग्यसेवा करायला जातो.

संशोधन आणि लोकसहभाग यांतून समाजाचे आरोग्य सुधारावे, हे आता प्रत्येक विद्यापीठाच्या उद्दिष्टांत छापलेले असते. त्यावर आमचे म्हणणे एकच आहे. कोकणात हे काम परीक्षांच्या वेळापत्रकावर न चालता भाताच्या वेळापत्रकावर चालावे. त्यासाठी नवी योजना नको, नवा निधीही फारसा नको. जी मुले त्या दिवसांत चिखलात उभी असतातच, त्यांच्या हाती हे काम द्यावे.

ही मुले म्हणजे दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाची. ग्रामीण कार्यानुभवासाठी ती खरिपात गावात येतात. माती नमुने घेतात, बीजप्रक्रिया दाखवतात, लावणीचे प्रात्यक्षिक करतात. कोणाचा तरवा (भाताची रोपे) कधी उपटायचा, पैरा (एकमेकांच्या शेतात राबण्याची पाळी) आज कोणाकडे, पाणी कुठल्या कुणग्यात (छोट्या खाचरात) तुंबते, हे आठ दिवसांत त्यांना पाठ होते. दुसरी मुले वैद्यकीयची. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२१ पासून एमबीबीएसला कुटुंब दत्तक कार्यक्रम लावला आहे, त्यामुळे त्यांना ठरलेल्या कुटुंबांकडे पुन्हा पुन्हा जावेच लागते. तिसरी सेवा योजनेची, वर्षाला १२० तास आणि दोन वर्षांत २४० तास काम करणारी. घोळ असा की पहिली दापोलीची, दुसरी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, तिसरी मुंबई विद्यापीठाची. एकाच वाडीत तिघांचे तीन फॉर्म येतात आणि घरातली बाई तिघांनाही तेच सांगते: माणसे किती, गुरे किती, संडास आहे का.

लेप्टोचा जंतू उंदीर-घुशी, गुरे, डुकरे, कुत्री यांच्या लघवीतून चिखलात येतो आणि उबदार ओलीत आठवडेच्या आठवडे टिकतो. अखंड, कोरड्या कातडीतून तो सहसा आत जात नाही. त्याला फट लागते. कोकणात ती फट म्हणजे बोटांच्या बेचक्यांतल्या चिखल्या, टाचांच्या भेगा आणि पात्यांनी कापलेली बोटे. त्यामुळे लेप्टोचे काम मे महिन्यात पायांपासून सुरू व्हायला हवे. बेचक्यांत बुरशी असेल तर क्लोट्रिमॅझोलचे मलम दिवसातून दोनदा, बोटे कोरडी करून, खाज थांबल्यावरही पुढे लावत एकूण दोन ते चार आठवडे. लोक तिसऱ्या दिवशी खाज थांबली की ट्यूब कोनाड्यात ठेवतात आणि लावणीत पाय पुन्हा फुटतात.

दरवर्षी पत्रकात ‘गमबूट वापरा’ असे असते. ते लिहिणाऱ्याने घोटाभर चिखलात गमबूट घालून चार पावले टाकून पाहावीत. बूट रुततो, पाय वर येतो, बूट खालीच राहतो. दिवसभर वाकून मागे मागे सरकत तरवा लावणाऱ्या बाईला तो निरुपयोगी. गोठा साफ करताना, शेणखत भरताना, बांध घालताना मात्र तो जरूर घालावा. खाचरात उतरणाऱ्यांसाठी साधा आणि पाळता येणारा नियम हवा: काम संपल्यावर पाय पाटाच्या पाण्यात न धुता घरच्या पाण्याने साबण लावून धुवायचे आणि बेचकी फडक्याने टिपायची. पाटातले पाणी वरच्या चार खाचरांतून उतरून आलेले असते, त्यात पाय धुणे म्हणजे तोच चिखल पातळ करून लावणे.

आता प्रतिबंधक गोळी. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे जोखमीच्या काळात मोठ्या माणसाने डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅम, म्हणजे १०० च्या दोन कॅप्सूल, आठवड्यातून एकदा घ्यायच्या, जास्तीत जास्त सहा आठवडे. गरोदर बायकांना आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ही गोळी नाही. अंगावर पाजणाऱ्या आयांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. एवढे सगळ्यांना माहीत असते. बिघडते ते पुढे. उपाशीपोटी घेतली की मळमळते. घोटभर पाण्यावर गिळून लगेच आडवे झाले की कॅप्सूल अन्ननलिकेत चिकटते आणि तिथे जखम होते. दूध, आम्लपित्ताचे औषध किंवा लोहाची गोळी बरोबर घेतली तर ती पुरेशी शोषली जात नाही, आणि रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या चालू असलेल्या बायकाच लावणीला जास्त असतात. दोहोंत दोन-तीन तासांचे अंतर हवे. जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर, आणि मग अर्धा तास तरी बसून राहायचे, हे तोंडी सांगायला एक मिनिट लागते. पण एकीला उलटी झाली की दुपारपर्यंत वाडीभर कळते आणि पुढच्या आठवड्याच्या गोळ्या कोणी हातात घेत नाही.

याहून मोठी चूक मोजणीची. सहा आठवडे कधीपासून धरायचे? गोळ्यांचा साठा उपकेंद्रात आला त्या दिवसापासून धरले जातात. लावणी मात्र पावसावर, रोपाच्या वयावर आणि मजुरांवर ठरते. स्वतःचे दोन गुंठे असलेली बाई आधी चार घरच्या पैऱ्याला जाते, स्वतःची लावणी शेवटी करते आणि मग बेणणीला (तण काढायला) पुन्हा उतरते. तिचे चिखलातले दिवस खातेदारापेक्षा कितीतरी जास्त. गोळ्यांच्या यादीत मात्र सातबाऱ्यावरचे नाव वर असते.

या गोळीचा सर्वांत जास्त सांगितला जाणारा पुरावा १९८४ साली प्रसिद्ध झाला. पनामाच्या जंगलात प्रशिक्षण घेणाऱ्या ९४० अमेरिकन सैनिकांपैकी गोळी न मिळालेल्या गटात २० जण आजारी पडले, गोळी घेतलेल्यांत एक. पण ते तरुण, धडधाकट आणि तीन आठवड्यांचे पाहुणे होते. पुढे उत्तर अंदमानात भारतीय संशोधकांनी ती गावकऱ्यांवर तपासली तेव्हा संसर्ग थांबला नाही, आजारपण मात्र कमी झाले. जन्मभर त्याच चिखलात उतरणाऱ्या माणसाचा प्रश्न सैनिकाच्या प्रश्नाहून वेगळा आहे. सहा आठवड्यांची ही खिडकी लावणीच्या सुरुवातीला उघडावी की उशिराच्या लावणीला आणि बेणणीला, हा खास कोकणाचा संशोधन प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधायला महागडे यंत्र लागत नाही. माणसागणिक तीन तारखा लागतात: चिखलात उतरल्याचे दिवस, गोळी घेतल्याचे दिवस आणि ताप आला तर तापाचा पहिला दिवस. पहिली तारीख कृषीच्या मुलांना ठाऊक असते, दुसरी आशाताईंना, तिसरी उपकेंद्राला. तिन्ही एका वहीत आजवर आल्या नाहीत तर तो दोष वहीचा.

ताप आल्यावरचा गोंधळ याहून जास्त जीवघेणा. चिखलाशी संबंध आल्यावर साधारण ५ ते १४ दिवसांनी, कधी दोन दिवसांत तर कधी महिन्यानेही, थंडी वाजून ताप येतो, डोके ठणकते, पोटऱ्या दाबल्या तरी कळ येते, चिपडे न येता डोळे लाल होतात. दुसऱ्या दिवशी झटपट तपासणी होते, ती निगेटिव्ह येते आणि माणूस पॅरासिटामॉल घेऊन परत लावणीला, किंवा चतुर्थी जवळ असली तर मखराच्या तयारीला. पण ती तपासणी शोधते प्रतिपिंडे, म्हणजे शरीराने जंतूविरुद्ध तयार केलेली द्रव्ये, आणि ती रक्तात दिसू लागायला पाच ते सात दिवस जातात. पहिल्या आठवड्यात जंतू शोधायचा तर पीसीआर, म्हणजे जंतूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी, आणि त्याचे रक्त प्रतिजैविक सुरू करण्याआधी घेतलेले बरे. अहवालासाठी उपचार थांबवायचे नाहीत, हे वेगळे सांगायला नको. तरी सांगतो, कारण थांबवले जातात. लघवी कमी होणे, डोळ्यांत पिवळेपणा, धाप, थुंकीत रक्त, यांतले काहीही दिसले तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय; उद्या सकाळची एसटी नाही.

खात्रीचे निदान होते ते दोन नमुन्यांवर. पहिला आल्या आल्या, दुसरा साधारण दोन आठवड्यांनी, आणि दुसऱ्यात प्रतिपिंडांची पातळी चौपट किंवा अधिक वाढली तर लेप्टो पक्का. हा दुसरा नमुनाच मिळत नाही. माणूस बरा होऊन कुठल्यातरी पाणंदीपलीकडे बेणणीत असतो. प्रयोगशाळेच्या कागदावर ‘संशयित’ हा शिक्का कायमचा राहतो आणि सरकारी आकडा खरा किती हे कोणालाच सांगता येत नाही. त्याला त्या खाचरात जाऊन गाठू शकेल असा विद्यापीठाचा माणूस म्हणजे तीच शेवटच्या वर्षाची मुलगी किंवा मुलगा. त्यांनी सुई हातात घ्यायची नाही. तारीख लक्षात ठेवायची आणि उपकेंद्रातल्या आरोग्य सेविकेला बांधापर्यंत घेऊन यायचे.

नमुना पाठवतानाही हकनाक वाया जातो. साध्या नळीत घेतलेले रक्त अर्धा तास उभे ठेवून गोठू द्यायचे, फिरवून रक्तद्रव वेगळा करायचा, तो छोट्या कुपीत २ ते ८ अंशांत पाठवायचा. रक्तद्रव वेगळा न करता तसेच रक्त बर्फाच्या खड्यांवर दाबून घाटरस्त्याने नेले की तांबड्या पेशी फुटतात, द्रव लाल होतो आणि प्रयोगशाळा नमुना नाकारते. चिठ्ठीवर नाव-वय असते, ‘तापाचा कितवा दिवस’ नसतो. त्यावाचून अहवालाचा अर्थच लागत नाही. आणखी एक खोच आहे. खात्रीच्या चाचणीत प्रयोगशाळेने जिवंत सांभाळलेल्या ठरावीक लेप्टो प्रकारांशी रुग्णाचा रक्तद्रव ताडून पाहतात. आपल्याकडचा प्रकार त्या संचात नसेल तर खरा रुग्णही निगेटिव्ह ठरू शकतो. इथल्या उंदरांत आणि गुरांत कोणते प्रकार आहेत हे शोधून तो संच इथला करणे, हे विद्यापीठाचे खरे प्रयोगशाळेतले काम.

उंदरांचे काम तर कृषी विद्यापीठाच्या अंगणातले. ते भाताचे नुकसान म्हणून शिकवले जाते, आरोग्याचे म्हणून नाही. मेअखेरीस, पाऊस लागण्याआधी, बांध उघडे असतात आणि शेतात खायला काही नसते, तीच वेळ. संध्याकाळी सगळी बिळे चिखलाने लिंपायची, सकाळी उकरलेली दिसतील तेवढी जिवंत. दोन-तीन दिवस भरडलेल्या धान्याला तेल चोळून बिनविषारी आमिष द्यायचे. नंतर कृषी खात्याच्या कर्मचाऱ्याच्या देखरेखीखाली ९६ भाग भरड, २ भाग तेल, २ भाग झिंक फॉस्फाइड असे मिश्रण लाकडी काठीने ढवळून, हातमोजे घालून, प्रत्येक जिवंत बिळात साधारण १० ग्रॅम टाकून बीळ बुजवायचे. बिनविषारी आमिषाची पायरी गाळली की उंदीर थोडेसे चाखतो, आजारी पडतो, वाचतो आणि पुढे कित्येक दिवस त्या वासाकडे फिरकत नाही. पाऊस पडल्यावर केले तर विष ओलीने वाया जाते. एकट्या शेतकऱ्याने केले तर शेजारच्या बांधावरचे उंदीर आठवड्यात राहायला येतात. या विषावर उतारा नाही. कोंबड्या, कुत्री आणि पोरे दूर ठेवायची, मेलेले उंदीर काठीने उचलून खोल पुरायचे, वहाळात फेकायचे नाहीत. आणि उंदीर मारले म्हणजे लेप्टो गेला असेही नाही. गोठ्याची मोरी थेट खालच्या कुणग्यात सोडलेली असते. शोषखड्ड्याचा सल्ला पुस्तकात बरा. जुलैत जांभ्या दगडात पाणी वर येते आणि खड्डाच ओसंडतो. त्यापेक्षा मोरीचा पाट माडाच्या आळ्याकडे वळवावा, तिथे निदान दिवसभर कोणी अनवाणी उभे राहत नाही.

इथे एक आगाऊ प्रश्न विचारतो. भाताची शिफारस करताना विद्यापीठ एकरी उत्पादन, खत आणि खर्च सांगते. चिखलात किती तास, हा रकाना का नसावा? डॉ. नारायण सावंतांच्या चारसूत्री पद्धतीने खत वाचते आणि पीक वाढते, पण युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या (रोपांच्या जुडग्यांच्या) मध्ये हाताने ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचाव्या लागतात. म्हणजे हाताचा चिखलाशी संबंध वाढला. उलट नेरळच्या चंद्रशेखर भडसावळ्यांच्या सगुणा पद्धतीत चिखलणी नाही, लावणीही नाही. गादीवाफ्यावर टोकणी होते. म्हणजे जोखमीचे सगळ्यात वाईट दिवसच वजा. त्याची किंमतही सांगायला हवी: तणासाठी तणनाशक मारावे लागते, त्याचा फवारा कोणाच्या अंगावर जातो हाही आरोग्याचाच प्रश्न. दोन्ही पद्धती शेजारी शेजारी लावून माणसांचे तास मोजणे एका पदव्युत्तर प्रबंधात सहज बसते. मार्गदर्शक दोन विद्यापीठांचे लागतील एवढीच अडचण.

माकडतापाचे गणित याच्या उलट, जानेवारी ते मे. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात सापडलेला हा विषाणू २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात मोठ्या प्रमाणावर दिसला. वाहक गोचिडीची पिल्ले, तिळाएवढी, सुक्या पाचोळ्यात असतात. आणि नेमके तेव्हाच लोक काजूची बोंडे वेचायला, लाकूडफाटा आणि पातेरा आणायला जातात. तेव्हा कृषीची मुले परीक्षेत, बाकीची मे महिन्याच्या सुट्टीत. इथे वेळापत्रक खरेच हलवावे लागेल. सेवा योजनेचे एक शिबिर फेब्रुवारीत काजूपट्ट्यात घेता येते. काम ठरलेले: प्रशिक्षित कीटकतज्ज्ञाबरोबर पांढरे फडके पाचोळ्यावरून ओढून गोचिडी गोळा करणे, बागेतून आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून घोटे, कंबर, काखा आणि केसांची कड तपासायला शिकवणे, चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढणे. ती बोटांनी चिरडायची नाही, तिच्यावर तेल किंवा राख घालायची नाही. मेलेले माकड दिसले तर हात न लावता वन खाते आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच तासाला कळवणे. मेलेल्या माकडाची बातमी दोन दिवस उशिरा पोहोचली तर तोवर त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरून पाचोळ्यात पांगलेल्या असतात.

गावकऱ्यांचा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे आणि तो रास्त आहे. रक्त नेतात, फॉर्म भरून नेतात, परत काही सांगायला येत नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक सूचनांत संशोधनाचा लाभ त्या समाजाला मिळावा असे स्पष्ट आहे, पण संमतिपत्र असते पुस्तकी मराठीत, तीन पानी, आणि अहवाल इंग्रजीत. वाडीत संमती मालवणीत, मोठ्याने वाचून घ्यावी. ‘नाय म्हटलास तरी औषध मिळतला’ हे वाक्य त्यात असलेच पाहिजे. अहवालासाठी नवी सभा भरवायला नको. १ मेच्या ग्रामसभेत हंगामाची तयारी मांडावी, चिखल्या, उंदीर आणि गोळ्यांची यादी. १५ ऑगस्टच्या सभेत तोवरचे तापाचे आकडे वाडीनिहाय, नावांशिवाय. २ ऑक्टोबरला हिशेब: किती संशयित, दुसरा नमुना कितींचा मिळाला, गोळ्या कितींनी पूर्ण घेतल्या, कितींनी सोडल्या आणि का.

खेड्यातून असले संशोधन होत नाही असे कोणी म्हणत असेल तर रायगड जिल्ह्यात महाडला जाऊन यावे. डॉ. हिंमतराव बावस्करांनी तिथल्या विंचूदंशाच्या रुग्णांच्या खाटेशी बसून केलेल्या नोंदी १९८२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आल्या, आणि पुढे प्राझोसिन या औषधाच्या उपचाराने लाल विंचवाच्या दंशाचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. त्यांच्याकडे विद्यापीठ नव्हते, वही होती. इथे विद्यापीठे तीन आहेत.

शेवटी एक विनंती आपल्या दैनिकाला. पावसाळ्यात तालुकावार पाऊस मिलिमीटरमध्ये आपण रोज छापता आणि लोक तो चहाबरोबर वाचतात. त्याच चौकटीत, आठवड्यातून एकदा, तालुकावार तापाचे संशयित रुग्ण आणि त्या आठवड्यात लावणी कितपत उरकली हे दोन आकडे छापावेत. पहिला आकडा जिल्हा आरोग्य कार्यालयाकडे मिळतो, दुसरा कृषी कार्यालयाकडे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून सुरू केले तर यंदाचा हंगाम सापडेल.

आपले,
सामुदायिक आरोग्य व कृषी विस्तार या विषयांचे काही अध्यापक,
रत्नागिरी-सिंधुदुर्ग